सोमवारची गोळी आणि देवाचा कौल

मी विहिरीवर पडले तो श्रावणातला सोमवार. लग्न झाल्यापासून सोमवारी दिवसभर मी काही खात नाही. गोळी मात्र चुकवली नाही. औषध ते औषध. साखरेची गोळी उपाशीपोटीच गिळली आणि कळशी घेऊन निघाले. हातपाय कापायला लागले, लुगडं घामाने भिजलं. शेजारणीने तोंडात साखर कोंबली म्हणून उठले.

मुंबईचा मुलगा धावत आला. येताना कट्टा गावच्या बाजारातून नवं कुलूपच घेऊन आला.

"आये, आता मुंबयक चल. हंय एकटी रवान काय करतलंस?"

त्याचे वडील गेले तेव्हा तो रांगत होता. काजू फोडून फोडून माझ्या हातांची सालं निघाली, त्यातून हे घर उभं राहिलं. त्याला कुलूप लावायचं?

"चतुर्थीपर्यंत बघ," मी म्हटलं. "परत पडलंय तर येतंय."

उपकेंद्रातली नर्सबाई घाटावरची. ओटीवर बसून तिने गोळ्या मांडल्या.

"आजी, ही पित्ताची, उठल्याबरोबर रिकाम्या पोटी. अर्ध्या तासाने पेज. ही बारकी साखरेची, पेजेच्या पहिल्या घासाबरोबर. पोटात अन्न नसलं तरी ही गोळी साखर खाली ओढतेच, म्हणून तुम्ही पडलात. ही मोठीपण साखरेचीच, पण पेज झाल्यावर, नाहीतर मळमळेल."

"आणि सोमवारी?"

"सोमवारीपण पेज. डॉक्टरांनी उपास बंद सांगितलाय."

"ता डॉक्टराच्या हातात नाय. देवाक विचारूक होया."

मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "मग विचारू. मीपण येते."

देवळात गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणं घातलं.

"देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान इतकी वर्सां सोमवार धरलो. आता तेका साखरेची गोळी लागता. ती उपाशी पोटाक सोसणा नाय. सकाळची पेज खावक तुझी परवानगी होयी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. नर्सबाईनेपण म्हटलं, जरा मागाहून.

पाकळी हलेना. माझं घर त्या पाकळीला चिकटलेलं. मी डोळे मिटले नाहीत.

उजवी पडली.

"बघ गो बाये," गुरव नर्सबाईला म्हणाला, "तुझ्या डॉक्टराचा नि आमच्या देवाचा एकमत झाला."

चतुर्थीला मुलगा आला. सगळ्यांचे मोदक मी केले, आणि तो चोरून माझ्यावर नजर ठेवत होता. सोमवारी सकाळी चुलीपाशी आला.

"आये, आज सोमवार मा? आणि तू पेज जेवतंस?"

"देवान सांगल्यान," म्हटलं, आणि पहिल्या घासाबरोबर बारकी गोळी टाकली.

त्याचा विश्वास बसेना. मला उपकेंद्रात घेऊन गेला. नर्सबाईने बोट टोचलं. साखर बरोबर जागेवर. मग आलाच आहात तर म्हणून तिने त्याचंही बोट टोचलं. त्याची माझ्यापेक्षा कितीतरी वर.

वाटेत मी विचारलं, "मग, आता कोणाच्या घराक कुलूप लावया?"

हसला शेवटी. मुंबईला एकटाच गेला, डॉक्टरांनी त्यालाही लावलेल्या पित्ताच्या नि साखरेच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते माझ्याकडून पाठ करून.

कुलूप चांगलं होतं. मी ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं.