निरंक

खिडकीच्या चौकटीवर गाडीची चावी दोनदा वाजायची आणि मी मान वर करायच्या आधीच ऐकू यायचं, "लिव बाय, निरंक."

सात वर्षं रोज सकाळी हेच. उरणच्या बंदरातून कंटेनर उचलून गोदामांपर्यंत पोचवणाऱ्या एका छोट्या ट्रान्स्पोर्ट कंपनीत मी कारकून आहे. गाडी यार्डाबाहेर काढण्याआधी ड्रायव्हरने तिच्यातला बिघाड सांगायचा, मी तो वहीत लिहायचा आणि त्याने पुढे सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे. निरंक हा शब्द मीच तिथे आणलेला. माझे वडील शाळामास्तर. कळवण्यासारखं काही नसलं की ते सरकारी तक्त्यात निरंक लिहीत. आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरनी, दादूसनी, एकदा त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, काहीच नाही. झालं, तिथून पुढे तो शब्द त्यांचाच झाला.

दादूस, म्हणजे थोरला भाऊ, असं त्यांना शेठपासून वॉचमनपर्यंत सगळेच म्हणत. जेवायला काय आणलंय विचारलं तरी निरंक, घरी बायकोशी, म्हणजे आमच्या काकींशी, वाजलंय का विचारलं तरी निरंक. यार्डात एकदा आरोग्य तपासणी होती, तर रक्तदाब बघणाऱ्या बाईंनाही त्यांनी हात पुढे करायच्या आधीच निकाल सांगून टाकला. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेलच. अशा माणसाला काही विचारणं म्हणजे स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेणं.

आणि गाडी कशी, तर कंपनीतली सगळ्यात जुनी. तिचं डावीकडचं दार करंजा बंदरातल्या भाच्याच्या होडीवरून आणलेल्या नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. सीटमधला स्पंज केव्हाच संपलेला, तिथे काकींची गोधडी घडी घालून ठेवलेली. वायपर बंद, म्हणून पावसाळ्यात पाणी ठरू नये यासाठी काचेला ओली तंबाखू चोळायची. हॉर्नची तर कमाल होती. तो फक्त स्टिअरिंग डावीकडे वळवलं की वाजायचा. त्यामुळे समोर म्हैस आली की दादूस आधी गाडी जरा डावीकडे घालायचे आणि मग म्हशीला सूचना द्यायचे. हे सगळं मला दिसत होतं, आणि वहीत मात्र माझ्याच अक्षरात निरंक, निरंक, निरंक.

त्यातल्या त्यात एक गोष्ट मला खरंच खटकायची. यार्डात गाडी नुसती उभी असली तरी खालून फुसफुस आवाज यायचा. मी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, ब्रेकची हवा गळत असेल, वहीत आलं तर बघतो. दुसऱ्या दिवशी चावी वाजली, मी निरंकच्या जागी 'ब्रेक तपासावा' लिहिलं आणि वही पुढे सरकवली. दादूसनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. सही केली नाही. टेबलावरचा व्हाइटनर उचलून माझी ओळ पांढरी केली आणि ती वाळेपर्यंत फुंकर मारत उभे राहिले. मला इतका राग आला की चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज चावी वाजवत होते, मी मान खाली घालून लिहीत होते.

पाचव्या दिवशी ते मला यार्डाच्या मागच्या भिंतीकडे घेऊन गेले. तिथे आमच्या चार गाड्या उभ्या होत्या, चाकांमधून वेल वर चढलेले. प्रत्येक गाडी कोणाची होती ते त्यांनी सांगितलं. चौघेही आता घरी होते. वहीत मोठा बिघाड आला की शेठ म्हणायचे, दुरुस्तीचं बघू, तोवर गाडी मागे लावा. धंदा बसत चाललेला, नवी गाडी येणार नव्हती, आणि गाडी नाही तर ड्रायव्हरला काम नाही.

"उभी केलेली गारी परत चालत न्हाय, बाय," ते म्हणाले.

ते मला समजलं. पण समजलं म्हणून राग गेला असं नाही. कर्नाळ्याच्या उतारावर ही गाडी भरलेला कंटेनर घेऊन उतरताना माझ्या डोळ्यांपुढे यायची आणि मी मनातल्या मनात त्यांच्यावर ओरडायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. पंधरा दिवसांची रजा. तेवढे दिवस गाडी रिकामी कशाला ठेवायची, म्हणून शेठनी माणगावकडचा एक नवा ड्रायव्हर बोलावला. लग्न नुकतंच झालेलं, बोलायला गरीब, नमस्कार करणारा. रजेच्या आदल्या दिवशी दादूस त्याला गाडी समजावून देत होते. माझ्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. दोरीची गाठ दाखवून झाली, तंबाखू झाली, हॉर्न झाला. मग त्यांनी इंजिन सुरू केलं आणि त्याला विचारलं, "भाकऱ्या किती खातंस?"

तो गोंधळला. म्हणाला, मी सकाळी भाकरी खात नाही, वडापाव खातो.

दादूसनी इंजिन बंद केलं. आणि मला एकदम उलगडा झाला. इंजिन सुरू केल्यावर ब्रेकची हवा भरायला वेळ लागतो. समोरचा हवेच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत दादूस केबिनमध्ये बसून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची अर्धी भाकरी व्हायची. मग एक झाली. अलीकडे दोन. मी आपली समजत होते की या वयात दादूसची भूक वाढलीय, आणि तसं त्यांना चिडवायचेही. हवा किती गळतेय ते हा माणूस भाकऱ्यांवर मोजत होता.

ते खाली उतरले आणि खिडकीशी आले. चावी वाजली नाही.

"बाय, वही दे."

लिव नाही, दे. त्यांनी स्वतः पेन घेतलं. चौथीपर्यंतची शाळा, एकेक अक्षर कोरून काढत होते. दार. वायपर. हॉर्न. सीट. पान भरत आलं तेव्हा शेवटी लिहिलं, 'ब्रेकची हवा ऱ्हात न्हाय. गाडी काडू नये.' आणि सही केली.

मी म्हटलं, दादूस, हे लिहिलंत तर गाडी मागे जाईल. तुम्ही परत आलात की चालवणार काय?

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "मी चालवतंय तवर निरंक. दुसऱ्याच्या पोराला निरंक कसा देऊ?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्यांच्या स्वतःच्या घरी कोणी वाट बघत नव्हतं का? उतारावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पोरं दुसऱ्यांची नव्हती का? आणि सात वर्षं तो शब्द लिहिणारा हात माझाच होता. मी वही मिटून शेठच्या टेबलावर नेऊन ठेवली.

संध्याकाळी गाडी मागच्या भिंतीला लागली. त्याच आठवड्यात एक ड्रायव्हर नोकरी सोडून गेला, त्याची गाडी या नव्याला मिळाली. तो आजही वडापाव खातो, आणि त्या दिवशी काय झालं ते त्याला माहीत नाही.

ऑपरेशननंतर दादूस एकदाच आले, केबिनमधली गोधडी आणि दोरी न्यायला. जाताना खिडकीच्या चौकटीवर दोनदा वाजलं. चावी नव्हती, बोटं होती. मी सवयीने वही उघडली, पेन उचललं.

ते हसले. "आता काय लिवतंस? गारीच न्हाय."

त्यांच्या नावापुढे निरंक लिहिलं असतं तर त्या दिवशी ते पहिल्यांदा खरं ठरलं असतं. माझ्याने लिहवलं नाही. गोधडी काखेत घेऊन ते गेटाबाहेर पडेपर्यंत मी पेन तसंच धरून बसले होते.