गेझिनेबाईंचे लोकरीचे धागे

हानोव्हरच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं लेथवर उभ्या असलेल्या गेझिनेबाईंनी टर्बाइनच्या मागे बसणारा एक नवा नळ घडवला होता. असा नळ पुढे रुंद होत जातो, त्यात हवा मंदावते, दाब परत चढतो आणि वीज जास्त मिळते. बाईंचा नळ मात्र आखूड आणि भलताच पसरट होता. चाचणीत, हवेची दिशा दिसावी म्हणून आतल्या भिंतीला चिकटवलेले लाल लोकरीचे धागे सैरावैरा नाचले.

“हवेनं भिंत सोडली, दाब बोंबलला,” नाक ओढत चाचणी घेणाऱ्या डॉक्टर ल्यूडर्सनी नळाला ‘भंगार’ची चिठ्ठी बांधली.

“तुम्ही नळात इस्त्री केलेला, गुळगुळीत वारा सोडता, डॉक्टर. खरं टर्बाइन असा पाठवतं होय? नळाच्या तोंडाशी पात्यांचं चाक लावा.”

“म्हणजे भोवरे! आणखी गोंधळ!”

“लावा तर खरं.”

चाक फिरलं. पात्यांच्या टोकांशी सुटलेल्या बारक्या भोवऱ्यांनी मधली वेगवान हवा भिंतीकडे ढकलली आणि सगळे धागे शहाण्यासारखे प्रवाहाच्या दिशेने आडवे झाले. दाबाचा काटा चढतच गेला.

डॉक्टर नाक ओढायचंच विसरले. “अहो बाई, चिकटली की हवा!”

बाईंनी हसत नळावरची ‘भंगार’ची चिठ्ठी सोडली आणि डॉक्टरांच्या कोटाच्या बटणाला अडकवली.

“ही तुमच्या इस्त्रीला!”