गादीच्या मधोमध

घडीताईला तीन वर्षं मिळाली. गेल्या महिन्यात पत्र आलं. ऑफिसातल्या कुणीतरी कागद घाईघाईत दुमडून पाकिटात कोंबला होता, कडेला कड लागत नव्हती. ताईने मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग कागद टेबलावर सपाट केला, नखाने दाबत नव्याने तीन घड्या घातल्या आणि म्हणाली, "एवढं मोठं सरकार, पण कागद दुमडायला धड माणूस नाही."

मग ती खुर्चीत बसली आणि हळूहळू श्वास सोडत राहिली. दहा आठवड्यांचा श्वास होता तो, एका दमात सुटणारा थोडाच.

घडीताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. गरम रोलरमधून चादर बाहेर येते, दोघी समोरासमोर उभ्या राहतात, टोकं धरायची, एक झटका, दुमड, पुन्हा दुमड, की चळतीवर. दिवसाला सहाशे-सातशे चादरी. हातांना इतकी सवय झाली आहे की घरी ती दुधाची रिकामी पिशवी, दुकानाची पावती, गोळीचा चांदीचा कागद, सगळ्याच्या घड्या घालते. म्हणून घडीताई. आणि तिचा नवरा म्हणून तो साऱ्या गल्लीचा दाजी. दाजी बसडेपोत रात्रपाळीला बसगाड्या धुतो.

ताईचं लग्न एक्केचाळिसाव्या वर्षी झालं. तोवर आजारी आईचं करण्यात दिवस गेले. आई गेली आणि वर्षभराने हे स्थळ आलं. बिजवर, परदेशात राहणारा, पहिली बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही. बघायला आला तेव्हा चहाचा कप हातात धरून म्हणाला, "मी रात्री बसगाड्या धुतो. दोन खोल्या आहेत, एकीचं छत गळतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. पाठ दुखते माझी, पण पगार वेळेवर होतो."

ताई सांगते, "तोवर जे जे आले त्यांनी आपापले बंगले सांगितले. छत गळतं म्हणणारा हा पहिला. म्हटलं, हा माणूस खोटं बोलणार नाही. आळसापोटी का होईना, पण बोलणार नाही."

लग्नाच्या व्हिसावर आधी दोन वर्षं मिळतात. ती संपत आली की मुदतवाढीचा अर्ज, मग मुलाखत. लग्न खरं आहे असं साहेबांना पटलं तर पुढची तीन वर्षं. नाही पटलं तर तीस दिवसांत देश सोडा. आणि सोडून जायचं कुठे? आईची भाड्याची खोली कधीच दुसऱ्याला गेली होती. दाजीला पेन्शन लागायला चार वर्षं बाकी. तो म्हणायचा, "तुला घालवलं तर मीही येईन मागोमाग." ताई म्हणायची, "येऊन तिथे काय धुणार?"

म्हणून दोघं माझ्याकडे आले. मी वकील नाही. बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरते. चौदा वर्षांपूर्वी माझाच अर्ज फेटाळला होता, तेव्हा चिडून नियमांचं पुस्तक आणलं आणि शेजारी शब्दकोश ठेवून एकटीने वाचून काढलं. तेव्हापासून लोक कागद घेऊन येतात. मी पैसे घेत नाही, फक्त बोलणी ऐकवते.

ताई-दाजी आले त्याच्या आदल्या वर्षी एका नव्या जोडप्याचा अर्ज नाकारला गेला होता. बायकोला बहिणी किती, या प्रश्नाला नवरा "माहीत नाही" म्हणाला, बस, तेवढंच निमित्त. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: साहेबासमोर 'माहीत नाही' हे शब्द काढायचे नाहीत. मी चौसष्ट प्रश्नांची यादी केली, उत्तरांसकट. घरातला टॉवेल कुठल्या रंगाचा, लग्नात किती माणसं होती, सासूचं नाव काय, गादीच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं.

या शेवटच्याला दाजी अडला. "बाजू म्हणजे..." म्हणत तो ताईकडे बघायला लागला.

ताई म्हणाली, "अक्का, आमचं तसं नाही, आमचं काय होतं की..."

"तुमचं काय होतं ते मला नको सांगू," मी म्हटलं. "डावीकडे तो, उजवीकडे तू. लिही."

तिने लिहिलं. पंधरा दिवस दोघांनी ती यादी पाढ्यांसारखी घोकली. सकाळी दाजी कामावरून घरात शिरायचा आणि ताई बाहेर पडायची तेव्हा जिन्यात एकमेकांची परीक्षा चालायची. "टॉवेल?" "निळा, कडेला पांढरी पट्टी." "वराकडचे?" "चार. वधूकडचे सात." मला वाटलं, झालं काम फत्ते.

मुलाखतीची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी होती, पण उघडायला मूठ नव्हती. कोपऱ्यात पाण्याचं पिंप, पेला नाही. अधिकारी बाई ताईपेक्षा वयाने लहान, पेनाचं टोपण चावणारी. शेजारी सरकारी दुभाष्या, आपल्याच भाषेतला एक निवृत्त गृहस्थ, सारखा पेपरमिंटची गोळी चघळणारा. नवरा-बायकोला वेगवेगळं आत घेतात. ओळखीचं एक माणूस मागे बसू शकतं, पण त्याने तोंड उघडायचं नाही. मी मागे बसले.

आधी ताई. एकही उत्तर चुकलं नाही. मग ती बाहेर गेली आणि दाजी आला. तोही चुकला नाही. टॉवेल निळा, कडेला पांढरी पट्टी. चार आणि सात. माझी मान ताठ व्हायला लागली होती. तेवढ्यात बाईंनी तोंडातलं टोपण काढलं आणि दुभाष्याकडे वळून काहीतरी विचारलं. त्या गृहस्थांचा चेहरा उतरला.

झालं होतं असं की दाजीचं वाक्य अर्ध्यावर असतानाच यांनी त्याचं पुरं भाषांतर करून टाकलं होतं. एकदा नाही, चारदा. बाईंनी विचारलं, हे पुढे काय बोलणार ते तुम्हाला कसं कळलं? बिचाऱ्याने गोळी गिळली आणि खरं ते सांगितलं: अर्ध्या तासापूर्वी यांच्या बायकोने हेच बोलून दाखवलं होतं. शब्दाला शब्द.

बाईंनी फाइल मिटली. उत्तरं पाठ केलेली दिसतात, लग्नाबद्दल शंका आहे, दहा दिवसांनी पुन्हा या, आणि दोघांच्या कामाच्या पाळ्यांचे कागद आणा.

बाहेर आल्यावर माझा तोल गेला. मी तिथल्या पहारेकऱ्याला धरलं. त्याचा काय संबंध, पण समोर तोच होता. अभ्यास करून आलेल्याला नापास करतात, ही कुठली रीत, असं मी त्याला दोन भाषांत मिसळून ऐकवत होते. माणसं वळून बघायला लागली.

ताईने माझा दंड धरला. "अक्का, आवाज खाली. तुम्हाला इथे भांडायचंय. मला इथे राहायचंय."

चौदा वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. मी तिच्याकडे न बघता बसस्टॉपची वाट धरली. ती शेजारून चालत म्हणाली, "दहा दिवसांनी मी जाईन आणि जे आहे ते सांगेन. यादी नको. येत असाल तर या, रुसला असाल तर राहू द्या."

"आणि माहीत नसलं तर?"

"तर नाही म्हणेन. दोन वर्षांत मला त्या माणसाचं सगळं माहीत झालं असतं, तर मग खरंच काहीतरी गडबड आहे म्हणायची."

मी नऊ दिवस रुसले. माझीच यादी मला स्वयंपाकघरात डोळे वटारून बघत होती, शेवटी तिच्या पाठकोऱ्या बाजूवर सामान लिहिलं. दहाव्या दिवशी, म्हटलं, नाक वर करून घरी बसण्यापेक्षा तिथे जाऊन बसू. गेले.

तीच खोली, तीच बाई, तेच दुभाषे. आज ते वाक्य पुरं झाल्यावरसुद्धा चार अंक मोजून मग तोंड उघडत होते.

ताई आत आली. घराच्या भिंतीचा रंग? "हिरवट. पूर्वी हिरवा असावा." नवऱ्याला जेवायला काय आवडतं? "पुढ्यात येईल ते. विचारलं की म्हणतो काहीही कर, आणि केलं की म्हणतो हेच का." शेवटचं भांडण कशावरून? "पाण्याची बाटली रिकामी करून तशीच कपाटात ठेवतो. त्यावरून. आज सकाळी." सासऱ्यांचं गाव? "नाव माहीत नाही, साहेब. मी आले तोवर ते गेले होते, आणि हा काही सांगतच नाही."

'माहीत नाही' ऐकलं आणि मी खुर्चीची दांडी धरली.

गादीच्या कुठल्या बाजूला झोपता?

"मधोमध," ताई म्हणाली.

बाईंनी पुन्हा विचारायला लावलं. "मधोमध," ताई पुन्हा म्हणाली. "आणि नवरा?" "तोही मधोमध."

दुभाष्यांनी खाकरून घेतलं.

"अहो, तो रात्री आठला जातो आणि सकाळी सहाला येतो," ताई सांगायला लागली, घाई न करता, जणू नव्या बाईला रोलर दाखवत होती. "मी साडेपाचला उठते, सव्वासहाला निघते. तो आला की त्याच जागी आडवा होतो. आमच्या गादीला थंड व्हायला वेळ मिळत नाही."

हे भाषांतर करताना त्या गृहस्थांचे कान लाल झाले होते. बाई विचारत होत्या, सुट्टीच्या दिवशी काय?

"त्याची सुट्टी मंगळवारी. रात्री झोपायची त्याला सवयच राहिली नाही, मग स्वयंपाकघरात रेडिओ कानाला लावून बसतो. माझी सुट्टी लाँड्रीच्या फळ्यावर येईल ती. तेव्हा दिवसभर तो झोपलेला आणि मी आवाज न करता भांडी घासते. डाव्या-उजव्याची वेळ कधी आलीच नाही."

मग दाजी. भिंतीचा रंग? तो विचारात पडला. "आहे रंग. पडदा ओढून झोपतो मी, दिसत नाही." आवडीचं जेवण? "ती करते ते सगळंच," म्हणून तो एकदम सावध झाला. "तिला सांगणार आहात का हे?" शेवटचं भांडण? "मोजे. जोडी एकात एक घालून ठेवते, अंधारात सुटत नाही. पण ते भांडण माझं, तिला पत्ता नाही." एकही उत्तर बायकोशी जुळत नव्हतं.

गादीची बाजू?

"बाजू नाही," दाजी म्हणाला. "मधे झोपतो. तीही मधेच झोपते. मी असतो कुठे तेव्हा?"

बाईंनी दोन्ही पाळ्यांचे कागद शेजारी-शेजारी ठेवले. डेपोचा आणि लाँड्रीचा. बोटाने एक-एक आठवडा बघत गेल्या. दोघांचा रात्रीचा वेळ एकदाही एकावर एक येत नव्हता, मंगळवार सोडला तर. मग त्यांनी विचारलं, मागच्या वेळी डावी बाजू का सांगितली?

"अक्कांनी लिहायला सांगितलं होतं," दाजी म्हणाला आणि मागे वळून सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. छत गळतं हे ज्या सुरात सांगितलं असेल, त्याच सुरात.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपण कोण?

नियमांची कलमं मला तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही आठवलं नाही. "शेजारीण," मी म्हटलं.

बाई काहीतरी बोलल्या. दुभाष्यांनी चार अंक मोजले. "त्या म्हणतात, शेजारधर्म चांगला आहे, पण पुढच्या वेळी लोकांची उत्तरं लोकांना देऊ द्या."

दुसरी वेळ असती तर मी त्या खोलीचं छत खाली आणलं असतं. पण पुढे फाइलवर शिक्का पडत होता आणि शिक्का कसला ते दिसत नव्हतं, म्हणून मी मान हलवली. एकदाच.

एकोणीस दिवसांनी पत्र आलं, ते वर सांगितलंच.

त्या दिवशी दाजीने डेपोत फोन करून अर्धी पाळी मागितली, कारण विचारलं तर म्हणाला, "बायको राहिली." मुकादमाला काय कळलं कोण जाणे, पण त्याने दिली. ताई दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि थेट लाँड्रीच्या मुकादम बाईसमोर उभी राहिली. व्हिसा संपत आलेल्या माणसाला ते कायम करत नाहीत. आठवड्याच्या आठवड्याला फळ्यावर नाव, आणि सुट्टी दुसऱ्यांनी टाकून दिलेली. ताईने पत्रासोबत आलेलं नवं व्हिसाचं कार्ड टेबलावर ठेवलं.

"कायम करा. आणि मंगळवार द्या."

मुकादम बाई म्हणाली, "मंगळवार कुणी मागत नाही."

"म्हणूनच द्या."

कायमची ऑर्डर पंधरा दिवसांनी हातात पडली, मंगळवारासकट.

परवाच्या मंगळवारी मी दुपारी तिच्याकडे गेले. दुसऱ्या एका बाईच्या मुदतवाढीचे कागद आले आहेत, आणि म्हटलं, आधी ताईला विचारावं, या बाईला काय विचारायचं आणि काय नाही. पिशवीत कारखान्यातली फुटकी बिस्किटं होती. चार मजले चढले. दाराला कुलूप.

त्या दाराला दिवसा कुलूप मी कधी बघितलं नव्हतं. आत कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. जिन्यातली पोरंसुद्धा तिथून चवड्यांवर जात, आणि बेल वाजवली तर ताई पुढचे चार दिवस तोंड बघत नसे. खालच्या मजल्यावरची म्हातारी दार किलकिलं करून म्हणाली, "गेली की दोघं. सकाळीच. त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. कुठे ते विचारलं, तर म्हणाली, ठरलं नाही."

चार मजले फुकट चढवले म्हणून आधी मला राग आला. पायरीवर बसून दोन बिस्किटं खाल्ली. मग उठून त्या दाराची बेल दाबली आणि चांगली दाबून धरली. आत रिकाम्या घरात ती वाजत राहिली, आणि कुणाचीही झोप मोडली नाही.