यमुनाबाईंची फरशी

वनिताचा फोन आला तेव्हा मी मोहाडीच्या आठवडी बाजारात वांगी निवडत होतो. "काका, आई गेली. आज सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी हातातलं वांगं परत ठेवलं आणि तिथेच उभा राहिलो. भोवती माणसं भाव करत होती, कुणीतरी माझ्या खांद्यावरून हात घालून कोथिंबीर मागत होतं आणि ते सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे दूरचे वाटत होते. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. वनिताची आई यमुनाबाई निखारे आमच्या विद्यापीठाच्या परिसरात एकोणीस वर्षं सफाईचं काम करत होत्या. निवृत्त होईपर्यंत मी तिथला भांडारपाल. फिनाईलच्या डब्यापासून नळाच्या वायसरपर्यंत सगळी खरेदी माझ्या सहीनं व्हायची.

त्या मूळच्या विणकरांच्या घरातल्या. लहानपणापासून मागाजवळ वाढलेल्या, त्यामुळे वस्तूला हात लावला की ती किती टिकेल हे त्यांना कळायचं. मी नायलॉनचे झाडू मागवले तर दोन काड्या वाकवून त्यांनी ते माझ्या टेबलावर परत आणून ठेवले. "हे दिवाळीपावतर नाही टिकत, भाऊ. आपला शिंदीचा फडाच बरा." गळका नळ दिसला की प्लंबर येईपर्यंत त्याला सुतळी बांधत, म्हणजे पाणी सुतळीवरून आवाज न करता खालच्या बादलीत उतरे. दुपारी वर्ग सुरू असताना त्या लांब व्हरांड्यातून चालायच्या आणि मधेच थांबून मान कलती करायच्या... कुठल्या मजल्यावर पाणी ठिबकतंय ते ऐकत. नवा नळ घ्यायच्या आधी वायसर बदलून पाहायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

मग एका वर्षी तपासणी समिती यायची ठरली. प्रसाधनगृहांच्या पांढऱ्या टाइल्सवर खाऱ्या पाण्याचे पिवळे थर होते आणि संचालकांना त्या आरशासारख्या हव्या होत्या. साधं ॲसिड आम्ही आधीपासून वापरत होतोच, आता मी त्याहून कडक मागवलं. टाइल्स उजळल्या. चार-पाच दिवसांनी यमुनाबाई स्टोअरच्या दारात येऊन म्हणाल्या, "चला भाऊ, तुमची खरेदी पाहाले."

त्या पुढे, मी मागे. इमारतीमागच्या नालीच्या कडेकडेनं आम्ही आवाराच्या टोकाला असलेल्या बोडीपर्यंत, तिथल्या छोट्या तळ्यापर्यंत गेलो. हिवाळ्याची दुपार होती, पाणी अगदी स्थिर, त्यावर पिवळं ऊन सांडलेलं. दुरून मला वाटलं, चिंचेची पानं तरंगताहेत. जवळ गेल्यावर कळलं की ते मासे आहेत, बोटभर लांबीचे, पोटं वर करून पडलेले. यमुनाबाईंनी आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून निघाली होती.

"आमी कोशाचं रेशीम रिठ्याच्या पाण्यानं धुतो," त्या म्हणाल्या. "ॲसिडात टाकला तर धागा मरते. मंग जीव काहून नाही मरणार? आता मी हे नाही टाकत."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरंच डबा उघडला नाही. त्यांना नोटीस निघाली. ती टाईप होताना मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो आणि गप्प होतो. नोटीस पदराला बांधून त्या काम करत राहिल्या. आदल्या दिवशी भिजवलेल्या रिठ्याचं पाणी, कॅन्टीनमधली पिळलेली लिंबं, चुलीतली राख. तासन् तास गुडघ्यांवर बसून त्या एकेक टाइल घासत. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. मी टिपण लिहिलं की ॲसिडची खरेदी कायमची बंद करावी, आणि ते घेऊन संचालकांकडे गेलो.

"डाग राहिले तर जबाबदार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

डाग राहिलेच. समितीनं शेऱ्यात लिहिलं की फरशी जुनी वाटते. संचालक पुढे कित्येक महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण माझं टिपण त्यांनी फाडलंही नाही. नोटीस मागे घेतली गेली. दोन पावसाळ्यांनंतर बोडीत पुन्हा मासे दिसले. यमुनाबाईंनी मला बोलावून दाखवले.

खोकला मात्र त्यांच्या छातीत आधीच शिरला होता. त्या जायच्या पंधरा दिवस आधी मी भंडाऱ्याला वनिताच्या घरी गेलो. खिडकीजवळच्या खाटेवर त्या उशीला टेकून बसल्या होत्या, पडद्यातून येणारा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. डॉक्टरांनी विचारलं होतं, म्हणाल्या, इतकी वर्षं कशाचा धूर घेतला म्हणून. मी मान खाली घातली. तेव्हा त्याच मला समजावू लागल्या, "तुमाले कोठं मालूम होतं, भाऊ."

"मालूम होतं, बाई," मी म्हणालो. "डब्यावर कवटी छापलेली होती. मी ती पाहूनच सही करत होतो."

त्या उशीवरून थोड्या पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या जागेवर नवा माणूस आला ना? त्याले हे सांगजा. असंच सांगजा, लपवू नका." त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही.

परवा नव्या भांडारपालाला भेटायला गेलो. सगळं सांगितलं, कवटीसकट. बाहेर पडलो तर व्हरांडा नुकताच पुसलेला होता आणि दोघी बाया चपला भिंतीशी काढून ओल्या फरशीवरून सावकाश चालत होत्या. मी विचारलं, हे कशासाठी. "यमुनाबाईची रीत आहे," एक म्हणाली. "तळपाय चुरचुरले तर फरशी साफ नाही झाली म्हणे." मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. फरशी गार होती. व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेलो, कुठंच काही चुरचुरलं नाही.