गणपतीमागचं लुगडं

आज पहाटे आमच्या दादाचा खोकला थांबला.

पासष्टच्या लढाईतून आला तेव्हा एक ट्रंक, एक बिस्तरा आणि हा खोकला घेऊन आला होता.
ट्रंक गंजली. बिस्तरा विरला. खोकला टिकला.

अलीकडे तर त्याला आडवं होताच येत नव्हतं. भिंतीला उशा लावून बसूनच झोपायचा. दिवाळीत फटाका वाजला की जेवता जेवता उठायचा आणि मागीलदारी जाऊन उभा राहायचा.
आम्ही त्याच्या मागे जायचो नाही.

पण त्याचं हे सगळं मी आधीच पाहिलं होतं. तो लढाईवर जाण्याच्या आधी.
भिंतीवर. चित्रात.

काढलं होतं आमच्या धाकट्या काकांनी. काका मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात होते. परत आले ते थरथरते हात आणि पोखरलेली छाती घेऊन. पोलादपूरला आमच्या ओटीवर माणसं गोष्ट ऐकायला बसायची.
"काय रे, काय बघितलंस तिकडं?"
"डास."
आणि काका उठून आत जायचे.

आमच्याकडे माजघरातली मागची भिंत रंगवल्याशिवाय गणपती बसत नसे. ते काम काकांचं. मोर, कमळं, वेली. हात थरथरायचा म्हणून मोराचा पिसारा हलल्यासारखा दिसायचा. शेजारच्या वाडीतली माणसं मुद्दाम बघायला यायची.

चीनच्या लढाईनंतरचं ते साल. महाडला लष्कराची भरती होती, विसर्जन झाल्यावर. दादा रोज पहाटे घाटाच्या रस्त्याला पळायला जाई. वडील खूश. आईने देवाला नारळ बोलून ठेवला होता.
काकांना कोणी काही विचारलं नाही.

त्या वर्षी काकांनी मोर काढला नाही.

माजघराचं दार लोटून घेतलं. रंगाच्या वाट्या तशाच ठेवल्या. बिब्ब्याचं तेल आणि बांबूची काडी घेतली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा बोटांना फोड आले होते.

भिंतीवर आमचाच घाट होता. माणसांची एक रांग वर चढत होती, ताठ. माथ्यावरून वळून तीच रांग खाली उतरत होती, वाकलेली. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत चुलीच्या तोंडाएवढं भोक, आणि त्यातून धूर. रांग एका घरात शिरत होती. घर आमच्यासारखंच. दारात एक बाई वाडगा घेऊन उभी, थुंकी धरायला.

काकांच्या थरथरीने ती सगळी माणसं चालत होती.

चढणीच्या अगदी पायथ्याशी शेवटचा एक. उंच, सडपातळ. त्याला तोंडच काढलं नव्हतं.

आईने हातातलं निरांजन खाली ठेवलं. "भावजी, हे काय काढलंत? उद्या बाप्पा बसायचाय इथं!"
"बसू दे. त्यालापण दिसू दे."

दादा हसत म्हणाला, "काका, ह्या शेवटच्याला तोंड नाय."
"जागा ठेवलीय," काका म्हणाले.
दादाचं हसणं मावळलं. वडील गरजले, "शुभ कार्याच्या तोंडावर अभद्र बोलू नकोस!"

आईने लगेच चुना कालवला. पदर खोचला, काथ्याचा कुंचला घेतला आणि पूर्ण भिंत पांढरी करून टाकली. मी बादली धरली होती.

सकाळी दार उघडलं तर चित्र परत वर आलेलं.
आदल्या दिवशी तपकिरी होतं. आता काळंभोर.

काका दारात बसून हसत होते, खोकत होते. "वैनी, परटाला विचारायचं होतंत. कपड्यावरची बिब्ब्याची खूण पक्की करायला तो काय लावतो? चुनाच ना?"
मग हसू थांबलं. "तुम्ही पुसणार, हे मला ठाऊक होतं."

मूर्ती दारात आलेली. आईने लग्नातलं हिरवं लुगडं काढलं आणि भिंतीवर ताणून बांधलं. त्याच्यापुढे बाप्पा बसले. आरती झाली.

विसर्जनानंतर दादा महाडला गेला. पास झाला. पेढे वाटले.
काका त्याच हिवाळ्यात गेले. दादा ट्रेनिंगला होता, त्याला सुट्टी मिळाली नाही.

लढाईनंतर पहिल्यांदा घरी आला, तेव्हा माझ्यासमोर त्याने लुगड्याचं टोक उचललं. बराच वेळ बघत होता. मग खोकल्याची उबळ थांबल्यावर म्हणाला,
"काकांनी माझी उंची बरोबर काढली गो."

लुगडं पुन्हा नीट लावलं. ती भिंत त्याने कधी पाडू दिली नाही आणि कधी उघडीही ठेवली नाही.

लुगडं फाटलं, मग साडी आली. आता तर जरीची असते. नव्या सुना विचारतात, गणपतीमागे साडी का? आम्ही सांगतो, आपल्याकडे पद्धत आहे.

आज दादाला त्याच माजघरात ठेवलं होतं. दादाचा नातू ओंकार पायाशी बसला होता. पायात पळायचे बूट. भरतीची तयारी करतोय. पहाटे घाटात होता, फोन गेला तेव्हा तसाच धावत आला.

मी उठले आणि साडीची गाठ सोडली.

"आत्याआजी, अगं, पद्धत हाय ना आपली?"
"होती."

चित्र अजून तसंच आहे. काळंभोर. ओंकार उठून जवळ गेला. बोट टेकवलं पायथ्याशी.
"ह्याला तोंड नाय."

मी त्याला म्हटलं, "बाळा, जायचं की नाही ते तू ठरव. तुझ्या आजोबांना आम्ही हे झाकून पाठवलं. तू बघून जा."

तो बूट काढून पुन्हा पायाशी बसला.

साडी घडी करून मी माझ्या घरी आणली आहे. यंदा बाप्पा उघड्या भिंतीपुढे बसतील.

दादा, आता आडवा झोप.