काठावरचा आकडा

फोन आला तेव्हा मी सिलतऱ्याला एका कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटत होते. पाळी सुटत होती, धुळीनं काळवंडलेले लोक न थांबता हात पुढे करत होते, आणि पलीकडे गार्ड मोबाइलवर माझा फोटो काढत होता. फोन प्रणालीचा, गजभिये मॅडमच्या मुलीचा. "आई गेली सकाळी," ती म्हणाली, आणि लगेच, "घाई नको करू, दुपारी नेऊ." उरलेली पत्रकं मी वाटून संपवली. रडू नंतर आलं, राग आधी आला... तो अजून गेलेला नाही.

मॅडम आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहायच्या आणि आमच्याच शाळेत आठवीला गणित शिकवायच्या. शाळा खासगी, हिंदी माध्यमाची. वर्गात हिंदी, व्हरांड्यात आमच्याशी मराठी. बरोबरच्या चिन्हाऐवजी कमी-जास्तीचं चिन्ह असलेली गणितं, म्हणजे असमिका, आली की बाकीचे शिक्षक नियम पाठ करून घेत : ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटं करा. मॅडमनी आम्हाला बाहेर काढलं, फरशीवर खडूनं लांब रेषा ओढली, शून्य खांबापाशी, मोठे आकडे जिन्याकडे. मला दोनवर उभं केलं, वर्गातल्या सोनूला पाचवर. जिन्याच्या जवळ कोण, तर सोनू. मग म्हणाल्या, आता दोघंही उणेत जा. खांब ओलांडून मी दोन फरश्या गेले, तो पाच. आता जिन्याच्या जवळ मी होते. सोनू चिडला. "ये तो चीटिंग है, मैडम."

"चीटिंग नाही रे. दोघंही तेच, बाजू बदलली. म्हणून चिन्हाचंही तोंड फिरवायचं."

मग वर्गात, फळ्यावर. त्यांच्या एका हातात घड्याळ असे, दुसऱ्या हातात एकच पितळी बांगडी. उत्तर संख्यारेषेवर दाखवताना त्या बांगडी काढून फळ्यावर टेकवत आणि तिच्याभोवती खडू फिरवत. शेवटच्या बाकावरून गोल दिसला पाहिजे, म्हणून. चारपेक्षा मोठे सगळे आकडे हवे असतील तर चारवरचा गोल पोकळ ठेवायचा, कारण खुद्द चार त्यात नाही. 'चार किंवा त्याहून मोठे' असेल तर गोल भरायचा. आम्हाला बाण काढायची घाई. त्या हातानं बाण झाकत. बाण नंतर. काठावरचा आत की बाहेर, ते आधी सांग.

त्या वर्षी काठावर मी होते. नववीत गणित-विज्ञानाच्या खास तुकडीत जायचं तर गणितात चाळीस किंवा जास्त गुण, असं शाळेनं वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं होतं. मला बरोबर चाळीस मिळाले. निकालाच्या दिवशी नोटीस लागली : 'चालीस से अधिक'. जागा कमी पडल्या म्हणे. पडणारच. आधीच भरल्या होत्या, आणि कोणासाठी, ते सगळ्या पाऱ्याला ठाऊक होतं. माझे बाबा रात्रपाळी करून थेट शाळेत आले आणि प्राचार्यांसमोर हात जोडून उभे राहिले. भट्टीवर काम करणारा माणूस, कोणापुढे वाकलेला मी पाहिला नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मॅडम मागून आल्या आणि त्यांनी बाबांचे जोडलेले हात खाली केले. "भाऊ, मागायले नाही आलो आपण."

प्राचार्य म्हणाले, "मैडम, एक लड़की के लिए इतना?"

मॅडमनी खडू घेतला. बाहेर गेल्या, नोटिशीखालच्या भिंतीवर रेषा ओढली, चाळीसवर बांगडी ठेवली, गोल काढला आणि तो घासून घासून भरला. पंधरा-वीस पालक बघत होते. मग मागे वळून म्हणाल्या, "सर, घेरा भरा हुआ था. मिटाया आपने है."

संध्याकाळपर्यंत नोटीस बदलली. मला जागा मिळाली, माझ्यासारख्या आणखी काहींनाही. आणि जूनमध्ये मॅडमना पहिलीच्या वर्गावर पाठवलं. कारण कोणी दिलं नाही. निवृत्त होईपर्यंत आठवीचा फळा त्यांना परत मिळाला नाही. मी पत्रकं लिहायला लागले तेव्हा पहिलं त्यांच्यावरच लिहायचं होतं. काहून सहन करता, म्हणून भांडले. "तू पत्रक लिही, मी पोट्टे शिकवते," त्या म्हणाल्या. "दोन्ही लागते." हे उत्तर मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पुरतं पटत नाही.

शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. फोटोला हार, समोर मेणबत्त्या, आणि माइकवर तेच प्राचार्य, शाळा घरचीच म्हणून अजून खुर्चीवर. "बड़ी शांत थीं. कभी किसी से कोई शिकायत नहीं." शांत! ज्यांनी त्यांना गप्प बसवायचा प्रयत्न केला, त्यांनीच हा शब्द वापरावा? माझ्या पिशवीत पत्रकाचा गठ्ठा होता, सगळी हकीकत छापलेली. मी अर्धी उठले. पहिल्या रांगेतून प्रणालीनं मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. नको. ती त्याच शाळेत शिकवते, तात्पुरत्या नेमणुकीवर. मी बसले, पण दात आवळून.

फाटकाबाहेर मी तिला सोडलं नाही. आईबद्दल ते खोटं बोलले आणि तू गप्प बसलीस, मी म्हणाले.

"मले या वर्षी आठवी भेटली आहे," ती म्हणाली. "तू बोलली असती तर आजच गेली असती. बुधवारी ये, तिसऱ्या तासाले. मग पत्रकं वाटायची तर वाट."

गेले. खिडकीशी उभी राहिले. फळ्यावर प्रणालीनं रेषा ओढली, आणि आकडा लिहिला तो चाळीस. हातातली पितळी बांगडी काढली... ओळखीची. तिच्याभोवती खडू फिरवला. तेवढ्यात प्राचार्य फेरीवर आले आणि दारातच थांबले. त्यांनी फळा पाहिला. ते ओळखणार नाहीत, हे शक्यच नव्हतं. मुलं उभी राहिली, तिनं त्यांना बसवलं. 'चालीस या उससे अधिक' असं तिनं मोठ्यानं वाचलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, किनारे वाला अंदर या बाहर?

"अंदर, मैडम."

"क्यों?"

"पहले से बोला है ना."

प्रणालीनं दाराकडे पाहत गोल भरला. खडू तुटला, उरलेल्या तुकड्यानं भरला. प्राचार्य पुढे गेले. जून येईल तेव्हा काय होईल, ते तिलाही माहीत आहे आणि मलाही. हा लेख मी आधी तिला वाचून दाखवला. छाप, म्हणाली.

त्या दिवशी तास संपल्यावर तिनं फळा स्वच्छ पुसला. बांगडी तशीच हातात घातली, आतली कड खडूनं पांढरी झालेली.