‘सापडले नाही’चा रकाना

आमचे हे आरोग्य कचेरीत आकडेवाले. कुणी विचारलं तर मी “संगणकावर काम करतात” एवढंच सांगते, कारण पुढचं सांगितलं की समोरचा एक पाऊल मागे सरतो. एचआयव्हीची साथ किती पसरली, औषधं नसती तर किती माणसं गेली असती, पुढल्या पाच वर्षांत कुठल्या गावाला किती गोळ्या लागतील, हे सगळं हे संगणकात मांडून बघतात. त्याला ते मॉडेल म्हणतात. प्रत्येकाची तपासणी तर होत नाही, मग थोड्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! तीस वर्षं हा माणूस शितं चाचपतोय आणि स्वतःच्या ताटातला भात गार झालेला त्याला कळत नाही.

स्वभावाने अगदी गरीब गाय. साहेब बदलले, संगणक बदलले, यांची खुर्ची तीच. तिची उशी मी दोनदा शिवून दिली. संध्याकाळी दारात चपला काढायला वाकले की तसेच मिनिटभर वाकून राहतात, जणू उठायचं कशाला असा विचार चाललाय. मी चिडवायचे, “मेलेल्यांची मोजदाद करून करून तुम्हीही अर्धे गेलात.” त्यावर म्हणायचे, “अगं, मी जिवंत मोजतो. मेलेले आपोआप उरतात.”

निवृत्तीला आठ महिने उरले आणि धाकट्या वन्संच्या गावचं प्रकरण निघालं. गाव इथून बसने चार तास. तिथे सरकारी दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांचं औषध केंद्र आहे. वरून हुकूम आला की मॉडेलप्रमाणे जिथे दीडशेहून कमी रुग्ण असतील तिथलं केंद्र बंद करा, रुग्णांना शहरात पाठवा. त्या केंद्रातून दोनशे बारा माणसं गोळ्या नेत होती. पण त्यातल्या एकशे तिसांनी पत्ता लिहिला होता आमच्या शहरातला. खरा पत्ता द्यावा तर उद्या कुणीतरी आरोग्यवाली पिशवी लटकावून दारात उभी, आणि परवा सगळ्या आळीला बातमी. म्हणून शहरातल्या नातेवाइकाचा पत्ता ठोकून द्यायचा. हे सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नाही. मॉडेल मात्र ज्याचा पत्ता जिथे, त्याला तिथलाच धरतं. गावाच्या वाट्याला उरले ब्याऐंशी.

तुम्हाला कोड्यात ठेवत नाही, आधीच सांगते. त्या एकशे तिसांत आमच्या धाकट्या वन्सं होत्या, आणि पत्ता आमच्या घराचा होता. अकरा वर्षं. यांना माहीत होतं, मला गंधही नव्हता.

यांनी डोकं लढवलं. साहेबांना म्हणाले, शहरातले पत्ते तपासून घेऊ. माणूस इथे सापडला नाही म्हणजे तो तिथलाच, सरळ आहे. साहेब हो म्हणाले आणि आरोग्यसेविका यादी घेऊन घरोघर फिरायला लागल्या.

एका दुपारी आमची बेल वाजली. घामाघूम झालेली पोरगी, छातीशी फॉर्मचा गठ्ठा. वन्संचं नाव घेऊन म्हणाली, “या इथे राहतात का?”

“नाही. वर्षातून दोनदा येतात, चार दिवस राहतात.”

“त्यांचा फोन नंबर मिळेल?”

फोनवर माणसं काय काय थापा मारून लुबाडतात ते रोज ऐकते मी. म्हटलं, “आम्ही कुणाचे नंबर वाटत नाही, बाई,” आणि दार लावून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही, त्याची आता लाज वाटते.

संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात यांना सांगितलं की कशी कटवली. हे दाराजवळच्या स्टुलावर बसले. एक चप्पल पायात, एक हातात. मग सगळं सांगितलं. वन्संच्या नवऱ्याकडून तिला झालं, तो गेला, ती गोळ्यांवर ठणठणीत आहे, आणि तिने शपथ घातली होती.

“अकरा वर्षं मला परकी धरलंत?” मी भांडं आपटलं. “मी काय तिला घराबाहेर काढणार होते?”

“काढलं नसतंस?” हे हळूच म्हणाले. चिडून नाही हो, खरंच विचारत होते. अकरा वर्षांपूर्वीची मी मला चांगली आठवते. पोरं लहान होती. मी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

पुढे तर घोड्याने आणखीच पेंड खाल्ली. फॉर्मवर दोनच रकाने होते, ‘सापडले’ आणि ‘सापडले नाही’. ते संगणकात भरले, आणि मॉडेलमध्ये एक जुनी ओळ होती: पत्त्यावर सापडला नाही तो मृत धरावा. एकशे अठरा माणसं गेली. वन्सं गेल्या. ती ओळ यांनीच लिहिलेली आणि विसरलेली. गोळ्या पोचायच्या आधीच्या काळात हे स्वतः सेविकांबरोबर दारोदार हिंडले होते. दाराला कुलूप असायचं आणि शेजारी मान खाली घालायचे. तेव्हा ती ओळ खरी होती.

हे साहेबांकडे गेले, म्हणाले, ओळ बदलू द्या. साहेब म्हणाले, “नियम तुमचाच ना? एका गावासाठी ऐन वेळी कसा बदलायचा? गोळ्या काय, कुणीही कुणाच्याही नावावर उचलतं. यादीत ‘सापडले नाही’ आणि तरी जिवंत, असं एक माणूस दाखवा मला. एक.”

एक माणूस यांना माहीत होतं. पण शपथ! दोन दिवस हे जेवले नाहीत. शेवटी मीच फोन लावला. मी काही शपथ घेतली नव्हती.

“वन्सं, तुमचं औषधाचं केंद्र बंद होतंय. एकदा इकडे येऊन जाल का?”

त्या म्हणाल्या, “कळलं का, वहिनी?” मी म्हटलं, कळलं. त्यावर त्या म्हणाल्या, “बरं झालं. फार ओझं झालं होतं,” आणि रडल्या. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आल्या. कचेरीत मी दाराबाहेरच्या बाकावर थांबणार होते, पण वन्सं माझा हात सोडेनात, म्हणून मीही आत. साहेबांच्या टेबलासमोर पदर सारखा करून त्या म्हणाल्या, “मी तुमच्या यादीत मेलेय. महिन्याला तीस गोळ्या घेते. केंद्राबाहेरच्या बाकावर माझ्याबरोबर बसणाऱ्या आमच्या गावातल्या आणखी कितीतरी बायकांना मी ओळखते, नावं सांगणार नाही. चार तास बसमध्ये घालवून दर महिन्याला इथे कुणी येणार नाही. रोजंदारी बुडते, आणि घरी काय सांगणार?”

साहेब उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. वन्संना खुर्ची दिली, यांच्याकडे वळून म्हणाले, “ओळ काढा. फॉर्मवर ‘दुसरीकडे राहतात’ असा तिसरा रकाना घाला.”

संध्याकाळच्या आत यांनी ओळ काढली, मॉडेल पुन्हा चालवलं. गावाचा आकडा दोनशे आला. केंद्र वाचलं. मी म्हटलं, आज तरी हा माणूस हसेल! स्वयंपाक चांगला केला, वन्संना आग्रह करकरून वाढलं. हे ताटावर बसले आणि हात कोरडाच.

“आता काय झालं? गड जिंकलात ना?”

“ती ओळ काढली,” हे म्हणाले, “म्हणून मग मागची वर्षंही तिच्याशिवाय चालवून पाहिली. याच ओळीवरून सहा वर्षांत तीन गावांची केंद्रं बंद झालीत. सही माझी आहे.”

“मग साहेबांना सांगा, तीही उघडतील.”

“सांगणार आहे उद्या.” त्यांनी भाताकडे पाहिलं. मग वन्संकडे. “छकुले, तू म्हणालीस ना, चार तास कुणी येणार नाही. ती माणसं तेव्हा जिवंत होती. मी त्यांना मेलेली धरलं, त्यांच्या गोळ्या काढून घेतल्या. आता त्यांतली बरीच खरंच गेली असतील. म्हणजे बघ, माझा आकडा बरोबर आला.”